हातानं मोजलेलं पाणी

“तेवीस,” ती म्हणाली.

टाकीत कोपरापर्यंत हात, डोळे मिटलेले, ओढणी कमरेला खोचलेली. भूषणनं खिशातून पेनासारखं मीटर काढलं, पाण्यात बुडवलं, आकडा ठरेपर्यंत थांबला आणि ते माझ्या नाकासमोर धरलं. बावीस पॉइंट नऊ.

“बघितलंस?”

“बघितलं.”

“दर वेळी असंच. एक डिग्री इकडची तिकडे होत नाही. हातात मशीन आहे पोरीच्या.”

मी धरणगावहून, माहेरून, येऊन तास झाला नव्हता. दारात ओवाळताना लावलेलं कुंकू अजून कपाळावर ओलं होतं. खांद्यावर अडीच महिन्यांची मुक्ता झोपली होती. आणि घरात पाऊल टाकल्यावर नवऱ्यानं मला पहिल्यांदा दाखवायला नेलं ते हे. पाळणा नंतर.

“वहिनी, दमून आलात,” ती हात पुसत म्हणाली. “बाळाला उकडेल इथे. पत्रा तापलाय.”

“माझंच घर आहे,” मी म्हणाले. “पत्रा कधी तापतो ते मला माहितीये.”

भूषण हसला. ती हसली नाही.

जळगावच्या आमच्या घरामागे एक मोठी खोली आहे. सासऱ्यांची आइस्क्रीमची एजन्सी होती, तेव्हा तिथे माल राहायचा. ते गेले, एजन्सी गेली, तीन डीप फ्रीजर मागे राहिले. लग्नानंतर वर्षभरानं भूषणनं पुण्याची पाइप कंपनीतली नोकरी सोडली आणि आम्ही दोघांनी त्या खोलीत लेट्यूस लावायला घेतलं. माती नाही, ऊन नाही. चार मजली रॅक, वर दिवे, पांढऱ्या पाइपांना भोकं, भोकात जाळीचे कप आणि कपात रोपं. पाइपांतून खतपाणी खेळतं, मुळं त्यात लोंबत राहतात. खोलीत जागा नव्हती म्हणून पाण्याची टाकी बाहेर, पत्र्याच्या पडवीत. पडवीचं एक दार खोलीत उघडतं, दुसरं न्हाणीघरात. सासूबाई लेट्यूसला ‘विलायती कोबी’ म्हणायच्या आणि ती खाणाऱ्यांची त्यांना मनापासून कीव यायची.

सुरुवातीचं सगळं माझं होतं. बी कधी भिजवलं, कधी फुटलं, कोणत्या रॅकवर काय, याचे तक्ते मी माझ्या हातानं काढून भिंतीवर लावले होते. हिवाळाभर छान चाललं. मग मे महिना आला आणि ओळीनं तीन लॉट माझ्या डोळ्यांदेखत बसले. मला तेव्हा नुकते दिवस गेले होते. उलटी करून यायचे आणि पाहायचे तर पानं माना टाकून पडलेली. पाय पाण्यात आणि तरी तहानलेली. मी एसी चोवीसवरून वीसवर आणला, मग अठरावर. स्वेटर घालून खोलीत बसायचे. तरी पानं खालीच. एका दुपारी मी तिथेच खाली बसून रडले, तर भूषणनं माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं होतं, “जाऊ दे तेजल, आपल्याला नसेल जमत.”

आपल्याला म्हणाला, पण पाहत माझ्याकडे होता.

योगिता भंगाळे आली ती माझ्या बाळंतपणापुरती. तीन महिने. आधी केळीची रोपं बाटलीत वाढवणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती, ती बंद पडली. सव्वीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं, रोज भुसावळहून बसनं यायची. तिसऱ्याच आठवड्यात ती भूषणला म्हणाली होती, “दादा, पानं एसीत आहेत, पण पाय भट्टीत आहेत.” खोली थंड होती, पण टाकी पत्र्याखाली. दुपारी पाणी तेहतीसपर्यंत जायचं. पानांना वारा गार लागत होता आणि मुळं गरम पाण्यात गुदमरत होती. इतकी साधी गोष्ट. मी वर्षभर हवेचा आकडा बघत बसले होते.

पाणी गार करायचं मशीन घेण्याची आमची ऐपत नव्हती. तिनं टाकीला चारी बाजूंनी थर्माकोल लावलं, वरून गोधडी गुंडाळली. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बारा रिकाम्या बाटल्या जमवल्या, पाणी भरून डीप फ्रीजरात गोठवल्या. सहा टाकीत, सहा फ्रीजरात, दर दोन तासांनी अदलाबदल. झालं. मुळं पांढरी झाली.

हे मला धरणगावलाच कळलं होतं. मी मुक्ताचा फोटो पाठवायचे, भूषणकडून उत्तरात मुळांचा फोटो यायचा. पांढरीशुभ्र, लांब, म्हातारीच्या धुतलेल्या केसांसारखी मुळं. मागे कधी एक हात दिसायचा, कप धरलेला. नखं बारीक कापलेली, बांगडी नाही. मुक्ताला पाजताना मी तो फोटो मोठा करून त्या हाताकडे बघत बसायचे.

आणि गोधडी माझी होती. लग्नात आत्यानं जुन्या नऊवारी जोडून शिवून दिलेली.

“कपाटात पडूनच होती गं,” सासूबाई म्हणाल्या. “तिनं विचारलं जुनं काही आहे का, मी दिली. पाणी थोडीच लागतंय तिला.”

“लागू दे लागलं तर,” मी म्हणाले.

त्या दिवसापासून घरात एकच वाक्य ऐकू यायचं. योगिता म्हणते. योगिता म्हणते पंप अजून एक हवा. योगिता म्हणते कडेच्या पाइपांना उजेड कमी पडतो. जेवताना एकदा मी म्हटलं, “वरणात मीठ कमी आहे का, योगिता काय म्हणते?” भूषणला वाटलं मी गंमत करतेय. तोही हसला. सासूबाईंनी मात्र ताटावरून माझ्याकडे एकदा नीट बघितलं.

मेच्या दुसऱ्या शनिवारी नाशिकचे देवरे येणार होते. तिथल्या तीन मोठ्या हॉटेलांची भाजी त्यांच्या हातून जायची. त्यांना माल पसंत पडला तर खोली चालणार होती. नाही पडला तर भूषण पुण्याला जुन्या नोकरीवर परत जाणार होता. हे त्यानं मला धरणगावला येऊन, मुक्ताला मांडीवर घेऊन सांगितलं होतं. “मग ही मला रविवारी बघणार,” असं म्हणून तिच्या तळव्याला बोट लावत बसला होता.

“योगिता तीन महिन्यांसाठीच होती ना?” मी एका संध्याकाळी विचारलं.

“होती. पण आता कशी सोडायची? देवरेंचं जमलं की कायम करू तिला.”

“आणि मी?”

“तू मुक्ताला बघ ना. आराम कर थोडा. किती वाळलीयेस.”

प्रेमानं म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

तेव्हा मी एक चोरटा उद्योग सुरू केला. घरात जुनं मीटर होतं, ते न्हाणीघरात नेऊन ठेवलं. मुक्ताच्या आंघोळीचं पाणी काढलं की आधी हात घालायचा, डोळे मिटायचे, मनाशी आकडा ठरवायचा, मग मीटर बुडवून बघायचं. पहिल्या दिवशी चार डिग्रीनं चुकले. दुसऱ्या दिवशी तीन. गरम ओत, गार ओत, परत हात. मुक्ता पायांवर पालथी पडून माझी वाट बघत राहायची, मूठ चोखत.

“पोरीला न्हाऊ घालतेस की उकडतेस?” सासूबाईंनी बाहेरून विचारलं.

“पाणी बेताचं करतेय.”

“अर्धा तास? आम्ही चार पोरं न्हाऊ घातली एवढ्यात.”

दहा-बारा दिवसांत मी एका डिग्रीवर आले. एकदा तर बरोब्बर सदतीस. मी मुक्ताच्या तेलकट पोटावर गाल टेकला आणि तिला कानात सांगितलं, तुझ्या आईलाही येतं.

देवरे येण्याच्या आधीच्या गुरुवारी योगितानं दिवसभराची सुट्टी मागितली. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं भुसावळला. भूषण माल घेऊन संभाजीनगरला जायचा होता. सकाळी ती मुद्दाम तासभर येऊन गेली, सगळं लावून दिलं आणि जाताना मला म्हणाली, “वहिनी, बारा, दोन आणि चार. आतल्या सहा बाटल्या फ्रीजरात, फ्रीजरातल्या सहा आत.”

“येतं मला.”

“हो, ते आहेच.”

“आणि जास्तच गार झालं तर?”

“मेमध्ये नाही होणार.” ती थांबली. “अठराच्या खाली गेलं तर मुळं बधिर होतात, पाणी ओढत नाहीत. पण तेवढं होतच नाही. तुम्ही मीटर घालून बघत जा.”

“तू बघतेस मीटर घालून?”

तिनं पर्सचा पट्टा उगीच सारखा केला. “मला सवय आहे,” ती म्हणाली आणि बस चुकेल म्हणून निघाली.

मला सवय आहे. ते वाक्य मी सकाळभर चघळलं.

त्या दिवशी मुक्ता उशिरा उठली, म्हणून आंघोळ उशिरा. सासूबाई शेजारी वास्तुशांतीला गेल्या होत्या. मी तिला पायांवर घेऊन चांगलं कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, पुसलं, गुंडाळलं, पाळण्यात ठेवलं आणि तशीच ओल्या हातांनी न्हाणीघराच्या दारातून पडवीत गेले. बारा वाजले होते. झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटले.

बर्फ.

खरंच बर्फासारखं. हात झिणझिणला. सोळा, मी मनाशी म्हटलं. फार तर सतरा. म्हणजे तिनं सकाळी जास्तीच्या बाटल्या टाकल्या होत्या, आणि मुळं बधिर होत होती, आणि ते ओळखलं होतं मी, मीटरशिवाय. मीटर दहा पावलांवर न्हाणीघरात होतं. मी आणलं नाही. ती आणते का?

सहाच्या सहा बाटल्या बाहेर काढल्या आणि फ्रीजरात टाकल्या. नवीन घातल्या नाहीत.

दोन वाजता मुक्तानं कपडे भरवले. तिला परत कढत पाण्यानं धुतलं, तिची लंगोटी त्याच पाण्यात खळबळली, आणि त्याच हातांनी टाकीपाशी गेले. अजून गारच लागलं. वीस असेल. आता कुठे जरा बरं झालं, असं म्हणून झाकण लावलं. मला इतकं हलकं वाटत होतं. संध्याकाळी भूषण आल्यावर कसं सांगायचं तेही ठरवलं होतं. सहज. भाकरी वाढता वाढता.

चार वाजता मी मुक्ताला पाजत होते. पंख्याखाली, डोळे मिटून. जाग आली तेव्हा साडेपाच झाले होते.

झोपेतून उठून गेले, हात कोरडे होते. टाकीत हात घातला आणि काहीच कळलं नाही. म्हणजे पाणी हाताला कळलंच नाही, इतकं ते अंगाइतकंच होतं. मी धावत जाऊन मीटर आणलं. एकतीस पॉइंट चार.

मग मी बाराच्या बारा बाटल्या टाकीत टाकल्या आणि गोधडी बाजूला करून, हातात लाटणं घेऊन पाणी ढवळत राहिले. मुक्ता आत रडत होती. रडू दिलं. अठ्ठावीस. सव्वीस. पावणेसातला चोवीस. सात वाजता फाटक वाजलं तेव्हा सहा बाटल्या काढून फ्रीजरात टाकून झाल्या होत्या, लाटणं स्वयंपाकघरात गेलं होतं आणि मी मुक्ताला कडेवर घेऊन ओट्यापाशी उभी होते.

“आईचं छान झालं,” योगिता म्हणाली. “थेट बसस्टँडवरून आले. म्हटलं एकदा बघून जावं.”

ती खोलीत गेली. मग पडवीत आली, झाकण उघडलं, हात घातला, डोळे मिटले. मी दारात. माझ्या मुठीत मीटर होतं, दोन मिनिटांपूर्वीच मी ते बुडवून बघितलं होतं. तेवीस पॉइंट एक.

“तेवीस,” ती म्हणाली.

त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती. किंवा लाज. वाटला तो मत्सर, स्वच्छ आणि गरम. दिवसभराच्या धावपळीतून आली, दवाखान्यातून आली, आणि तरी तेवीस.

“बाटल्या वेळेवर बदलल्यात ना वहिनी?”

“बदलल्या.”

“उपकार झाले तुमचे,” असं म्हणून तिनं मुक्ताच्या पावलाला हलकं बोट लावलं. मी मुक्ताला दुसऱ्या कडेवर घेतलं.

शुक्रवारी पानं किंचित मलूल होती. भूषण म्हणाला उजेड जास्त झाला असेल. योगितानं दोनदा कप उचलून मुळं बघितली, बोटांनी चोळली आणि वास घेतला. दिवसभर बाटल्या बदलत राहिली, पंपाची जाळी धुतली, संध्याकाळी नेहमीपेक्षा उशिरा गेली. मी खोलीत गेलेच नाही. मुक्ताला बरं नाही म्हणाले. मुक्ता ठणठणीत होती.

शनिवारी अकराला देवरे आले. पांढरा शर्ट, चष्मा गळ्यात अडकवलेला. रॅकमधून फिरले, पानं बोटांवर घेऊन बघितली. “छान. रंग छान आहे.” भूषणचा चेहरा खुलला. मग त्यांनी मधल्या रॅकवरचा एक कप उचलला आणि उलटा केला.

मुळं चहाच्या रंगाची झाली होती. टोकं बुळबुळीत, एकमेकांना चिकटलेली. देवरेंनी ती नाकाजवळ नेली आणि लगेच लांब केली. आणखी एक कप. आणखी एक.

“भूषणराव,” ते म्हणाले, “गिऱ्हाईक वरून बघतं, मी खालून बघतो. हा माल माझ्याकडे दोन दिवसही टिकायचा नाही.”

“साहेब, परवापर्यंत पांढरी होती. फोटो आहेत माझ्याकडे.”

“असतील. फोटो कोण खातं.” ते वाईट माणूस नव्हते. चहा घेतला, मुक्ताच्या हातात नोट ठेवली, पुढच्या वर्षी बघू म्हणाले आणि गेले.

भूषण फाटकापर्यंत जाऊन आला. आवाज चढवला नाही त्यानं. तो चिडला की आवाज खाली जातो.

“गुरुवारी संध्याकाळी किती होतं पाणी?”

“तेवीस, दादा.”

“काल?”

“बावीस. साडेबावीस.”

“मग हे कसं झालं?”

ती रॅकला टेकून उभी होती. “मला कळत नाहीये.”

“तुला कळत नाहीये. हात घालते, डोळे मिटते, आकडा सांगते, आणि मी येडा सगळ्या गावाला सांगत फिरतो. खरंच काही कळत होतं का, की नुसती नाटकं?”

तिनं खाली पाहिलं. कानापासून मानेपर्यंत लाल झाली. जशी खोटं पकडलं गेलेली माणसं होतात तशी. मला ते त्या वेळी समजलं नाही.

“सोमवारपासून येऊ नकोस,” भूषण म्हणाला. “तेजल आलीच आहे आता. ती बघेल.”

मला जे हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात होतं. मुक्ता माझ्या खांद्यावर लाळ गाळत होती. भूषण पुढच्या खोलीत जाऊन बसला.

योगिता आपलं सामान घ्यायला रॅकमागे गेली. बराच वेळ आली नाही, म्हणून मी गेले. रडत असेल असं वाटलं होतं. ती शेवटच्या रॅकमागे उकिडवी बसून परतीच्या पाइपाचं बूच काढत होती, जिथून सगळं पाणी फिरून टाकीकडे परत जातं. त्यातून तिनं दोरा ओढला. दोऱ्याच्या टोकाला काचेचं थर्मामीटर होतं, प्रयोगशाळेत असतं तसं.

“हे माझं आहे, वहिनी,” ती म्हणाली. “जुन्या ठिकाणचं. तुमचं काही नेत नाहीये.”

मी थर्मामीटरकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“इथे वाचून मग तू टाकीपाशी यायचीस.”

“परतीचं पाणी अर्धी डिग्री जास्त असतं. तेवढं वजा करायचं.” तिनं ते कुर्त्याला पुसलं. “मला हातानं काही कळत नाही. कोणालाच कळत नाही हातानं.”

“मग हात कशाला घालायचीस?”

“पहिल्यांदा पंपाची जाळी साफ करायला घातला होता. दादा आले, म्हणाले, किती असेल गं पाणी? मी आत्ताच वाचून आले होते. तेवीस म्हटलं. त्यांनी मीटर लावलं आणि इतके खूश झाले की,” ती थांबली. “मग तेच चालू राहिलं.”

“सांगायचंस ना.”

“भिंतीवर सगळीकडे तुमचं अक्षर आहे वहिनी. दादा रोज सकाळी बाळाचे फोटो दाखवायचे. बघ, आज हसली. बघ, आज मूठ उघडली. मला कळायचं, तुम्ही यायचे दिवस जवळ येतायत. थर्मामीटर वाचणारी बाई काय, कोणीही मिळते.” तिनं दोरा बोटाभोवती गुंडाळला. “पण वाचलेलं खोटं नव्हतं. गुरुवारी खरंच तेवीस होतं. हे कसं झालं ते मला खरंच कळत नाहीये.”

रोज सकाळी फोटो दाखवायचा. मला त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

मी वळले आणि पुढच्या खोलीत गेले. माझ्या मागे तिची पावलं आली. भूषण खुर्चीत बसला होता, कोपरं गुडघ्यांवर. मुक्ता मध्ये असली की धीर येतो, म्हणून मी तिला खाली ठेवलं नाही.

“गुरुवारी बाटल्या मी काढल्या,” मी म्हणाले.

“काय?”

“बारा वाजता सगळ्या काढल्या. मला पाणी फार गार वाटलं. हात हिच्या आंघोळीच्या पाण्यातून काढून तसाच टाकीत घातला होता मी. मीटर लावलं नाही. मग झोप लागली. साडेपाचला एकतीसच्या वर गेलं होतं. योगिता यायच्या आत बर्फ टाकून खाली आणलं, आणि तिला सांगितलं बाटल्या बदलल्या म्हणून.”

मी वाट बघत होते. ओरडेल, उठून जाईल, काहीही चाललं असतं.

“म्हणजे ती आली तेव्हा पाणी खरंच तेवीस होतं?”

“तेवीस पॉइंट एक. मी बघितलं होतं मीटरनं.”

“म्हणजे तिचा हात बरोबरच होता,” तो म्हणाला.

उठला. माझ्या शेजारून पुढे गेला, दारात उभ्या असलेल्या योगितासमोर थांबला. “योगिता, माझं चुकलं. नको ते बोललो तुला.”

लग्नाला तीन वर्षं झाली होती. माझं चुकलं, हे त्याच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

ती माझ्याकडे बघत होती, त्याच्या खांद्यावरून. उजवी मूठ ओढणीआड. माझ्या जिभेवर एक वाक्य होतं. मूठ उघडायला सांग तिला. एवढंच. भूषणच्या चेहऱ्यावर जो आदर होता, तो त्या एका वाक्यानं पुसला गेला असता, आणि मग तिघंही सारखे झालो असतो.

मुक्तानं माझी वेणी ओढली. मी तिचे केस सारखे केले, आणि म्हणाले, “उरलेल्या रोपांची मुळं कापून बघू या का? टोकंच गेलीयेत. योगिता, तू सांग.”

“निम्मी वाचतील,” ती म्हणाली.

निम्मी वाचली नाहीत, तिसरा हिस्सा वाचला. देवरे परत आले नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात भूषण पुण्याला गेला, आणि मुक्ता त्याला खरंच रविवारीच बघू लागली, तेही सगळ्या रविवारी नाही. त्यानं मला कधी बोलून दाखवलं नाही. मुक्ता रांगली, उभी राहिली, ‘बाबा’ म्हणायला लागली, ते त्यानं फोनवर पाहिलं.

खोली आम्ही बंद केली नाही. जिथे मला ती एक दिवस नको झाली होती, तिथे पुढची अडीच वर्षं आम्ही दोघीच होतो. ती बाटल्या बदलायची, मी थर्मामीटर वाचायचे, मुक्ता दोघींच्या पायांत. पुढे तिचं लग्न ठरलं तेव्हा ओटीत मी नवी गोधडी दिली. आमचं छान जमलं, असं बघणारे म्हणायचे, आणि ते खरंही होतं.

भूषणचा फोन रोज संध्याकाळी सातला यायचा. मुक्ताचं झालं की विचारायचा, “योगितानं हात घातला का आज? किती म्हणाली?”

योगिता समोर रोपांचे कप पुसत असायची. मी हातातल्या काचेवरचा आकडा बघायचे.

“साडेबावीस म्हणतेय.”

“मीटर लावून बघितलंस?”

“बघितलं. साडेबावीसच आहे.”

“कमाल आहे पोरीची. तिला सांग, म्हणावं असा हात मी कुठे पाहिला नाही.”

“सांगते,” मी म्हणायचे.

अडीच वर्षांत एकदाही सांगितलं नाही.